बागेतली रेल्वे: काय लहान होतं आणि काय होत नाही

बागेत मांडलेल्या आगगाडीचा फोटो दाखवला की लहान मूलसुद्धा लगेच सांगतं, ही खेळण्यातली. इंजिनावरचा एकेक रिव्हेट जागच्या जागी असतो, डब्यांचा रंग अस्सल असतो, रुळांखाली खरी खडी असते. तरी कोणी फसत नाही. आणि मधूनच एखादा फोटो असा समोर येतो की रेल्वेत उभी हयात घालवलेला माणूसही विचारतो, हा कुठला घाट? दोन्ही फोटोंतलं इंजिन एकाच कारखान्यातलं असू शकतं. मग फरक पडतो कुठे?

वस्तू लहान करता येते, पण तिच्याबरोबर सगळं जग लहान होत नाही. काही गोष्टी आपोआप प्रमाणात येतात, काही मात्र मूळच्या मापातच राहतात. रूळ टाकताना, झाडं निवडताना आणि कॅमेरा लावताना ही विभागणी ज्याच्या डोक्यात पक्की असते, त्याच्या बागेतली गाडी खरी वाटते. एकेक गोष्ट घेऊन ती कुठल्या बाजूला जाते ते पाहू.

१. पंचेचाळीस मिलिमीटर

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज, आणि खऱ्या वस्तूच्या कितव्या हिश्शाएवढं मॉडेल केलं ते म्हणजे प्रमाण. १:८७ या प्रमाणात ८७ सेंटीमीटरची वस्तू १ सेंटीमीटरची होते. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या या मापाच्या. छताखाली हे माप उत्तम. पण त्याचं गेज जेमतेम साडेसोळा मिलिमीटर असतं. उघड्यावर एक वाळकी काडी आडवी आली की गाडी घसरलीच. म्हणून बागेसाठी माप मोठं लागतं.

मोठ्या मापाची रेल्वे बागेत चालवण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्डला रोलंड कॅलिंगहॅम यांनी आपल्या बागेत बेकनस्कॉट नावाचं अख्खं लघुगाव वसवलं. ते १९२९ मध्ये खुलं झालं आणि त्यातली रेल्वे बॅसेट-लोक या नामवंत कंपनीनं बांधून दिली. ती गाडी आजही चालते. पण सामान्य घरातल्या माणसाला दुकानातून खोकं आणून बागेत रूळ जोडता यावेत, ही सोय खऱ्या अर्थानं १९६८ मध्ये झाली. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या लेहमान कंपनीनं त्या वर्षी एलजीबी ही मालिका बाजारात आणली. लेहमान म्हणजे १८८१ पासून पत्र्याची खेळणी करणारं घराणं. पाऊस, ऊन, बर्फ सोसणारं प्लास्टिक, पितळी रूळ, ४५ मिलिमीटर गेज आणि १:२२.५ प्रमाण, अशी त्यांची आखणी होती. आज ज्याला सरसकट जी स्केल म्हणतात ते इथून सुरू झालं.

हे २२.५ आलं कुठून? मीटरगेज म्हणजे १००० मिलिमीटर. त्याला ४५ नं भागा: २२.२ येतात. म्हणजे ४५ मिलिमीटरचा रूळ हा मीटरगेजचा साधारण साडेबाविसावा हिस्सा. हाच रूळ दुसऱ्या गाडीखाली घातला की प्रमाण बदलतं. युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर; त्यासाठी १:३२ लागतं. अमेरिकेतल्या तीन फुटी डोंगरी गाड्यांसाठी १:२०.३. त्यामुळे एकाच बागेत, एकाच रुळावर तीन प्रमाणांच्या गाड्या धावताना दिसतात आणि शेजारीशेजारी उभ्या केल्या की काहीतरी खटकतं. नवशिक्यानं खरेदीच्या आधी प्रमाण ठरवावं, आणि एकदा ठरवलं की त्याला चिकटून राहावं. मोह फार होतो, पण फोटोत भेसळ लपत नाही.

आपल्याकडची गाडी करायची असेल तर? माथेरानची गाडी ६१० मिलिमीटर गेजची. इंग्लंडमध्ये दोन फुटी गाड्यांच्या मॉडेलसाठी ३२ मिलिमीटरचा रूळ आणि १:१९ हे प्रमाण चांगलं रुळलेलं आहे. ६१० भागिले १९ म्हणजे ३२.१. बरोबर बसलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, ती ७६२ मिलिमीटरची. ७६२ भागिले ३२ म्हणजे २३.८. अर्थात १:२४ प्रमाण घेतलं तर तोच रूळ बार्शीलाही चालतो. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं आहे. ते न करता इंजिन घेतलं तर मात्र पुढे निस्तरत बसावं लागतं.

२. पूल किती मोठा होईल?

स्वित्झर्लंडमधली रेटियन रेल्वे मीटरगेजची आहे, त्यामुळे जी स्केलच्या रसिकांचं तिच्यावर विशेष प्रेम. तिच्या अल्बुला मार्गावर फिलिझूर गावाजवळ लांडवासर पूल आहे. १९०२ मध्ये पुरा झालेला हा दगडी पूल सहा कमानींचा, १३६ मीटर लांब, ६५ मीटर उंच; वर चढणारी गाडी वळत वळत त्यावरून जाते आणि थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. हा सारा मार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आता हा पूल बागेत उतरवू. लांबी १३६ भागिले २२.५, म्हणजे ६ मीटर. उंची ६५ भागिले २२.५, म्हणजे २.९ मीटर. मोठी जागा लागेल, पण एखाद्या उताराच्या कडेला बसूही शकेल. पुलावरचं वळण १०० मीटर त्रिज्येचं आहे, ते ४.४ मीटरचं होईल. पूर्ण वर्तुळ केलं तर व्यास जवळजवळ ९ मीटर. आणि खऱ्या मोठ्या रेल्वेमार्गांच्या मानानं १०० मीटर हे फार तीव्र वळण समजलं जातं.

दुकानातल्या खोक्यात मिळणारं सर्वांत लहान वळण ६० सेंटीमीटर त्रिज्येचं असतं. खऱ्या जगात त्याचं माप साडेतेरा मीटर. तेवढ्या जागेत एसटीची बस जेमतेम वळेल. लांब डबे अशा वळणावर दोन्ही टोकांना रुळाबाहेर लटकतात, आणि वरून काढलेल्या फोटोत पहिल्यांदा नजरेत भरतं ते हेच. म्हणून माझा आग्रह असा की रूळ कमी लांब चालेल, डबे चार कमी चालतील, पण वळणं जितकी रुंद करता येतील तितकी करावीत. १२० सेंटीमीटर त्रिज्येनं बराच फरक पडतो. त्याहून मोठं वळण हवं असेल तर सलग पट्ट्या आणून दोन्ही रूळ एकदम वाकवणाऱ्या हातयंत्रानं वळवतात.

जागा ठरली की आखणी कागदावर करून थांबू नये. बागेत पाण्याची रबरी नळी अंथरावी आणि ती सरकवत सरकवत मार्ग ठरवावा. नळी फार तीव्र वळू दिली तर दुमडते, त्यामुळे अतिरेक आपसूक टळतो. एक-दोन दिवस ती तशीच पडू द्यावी. पायवाट कुठे अडते, पाणी कुठे साचतं, संध्याकाळचं ऊन कुठून येतं, हे तेवढ्यात कळून जातं.

३. चढ आणि वजन

चढ म्हणजे दोन लांब्यांचं गुणोत्तर. एक मीटर जाताना दोन सेंटीमीटर वर गेलं की दोन टक्के. गुणोत्तराला लहान-मोठं माप नसतं, त्यामुळे चढ खऱ्या रेल्वेला जितका जड तितकाच बागेतल्या गाडीलाही जड. बोरघाटात चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के आहे, आणि तिथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. बागेतही साधारण तीन टक्क्यांच्या पुढे एकटं इंजिन सहा-सात डबे घेऊन चढताना चाकं जागेवर फिरवायला लागतं. चढावरच वळण असेल तर डबे आणखी जड होतात.

एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा असेल तर किती लांबी लागेल? डब्याची उंची सुमारे १८ सेंटीमीटर, पुलाची जाडी ४ धरू. एकूण २२ सेंटीमीटर चढायचं. अडीच टक्क्यांनी चढलो तर ८.८ मीटर हवेत, चढ सुरू होताना आणि संपताना रूळ हळूहळू वाकवायला आणखी थोडे. उतरायला परत तेवढेच. लहान बागेत आठच्या आकड्याचा मार्ग का जमत नाही, ते या हिशेबात आहे.

वजनाचं गणित वेगळं. लांबी २२.५ पट कमी झाली की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात, म्हणून वजन २२.५ गुणिले २२.५ गुणिले २२.५, अर्थात ११,३९० पटींनी उतरतं. ५० टनांचं इंजिन ४.४ किलोचं होतं, ८ टनांचा रिकामा मालडबा ७०० ग्रॅमचा. पण वारा तोच राहतो. तो ज्या अंगावर आदळतो ते क्षेत्रफळ फक्त ५०६ पट कमी झालेलं असतं. म्हणजे डब्याच्या वजनाच्या मानानं वाऱ्याचा जोर साडेबावीस पट वाढला. वळवाच्या वावटळीत उभा डबा कलंडतो तो याच कारणानं, आणि प्लास्टिकचे डबे मुळात हलके म्हणून जुने लोक त्यांच्या तळाशी शिशाची किंवा लोखंडाची पट्टी चिकटवतात.

४. खडीवर टेकलेला रूळ

रूळ जमिनीला घट्ट बांधायचा की नाही? पहिल्यांदा रेल्वे करणाऱ्याला वाटतं, काँक्रीट ओतावं आणि स्लीपर स्क्रूनं आवळून टाकावेत. असं करू नये. पितळ तापलं की लांबतं. तापमान एक अंशानं वाढलं की एक मीटर पितळ सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. ऐकायला नगण्य. पण ३० मीटर रूळ घ्या, थंडीतल्या पहाटे १० अंश आणि उन्हाळ्यातल्या दुपारी रुळाचा स्पर्श सोसवत नाही तेव्हा ६० अंश धरा: ३० गुणिले ०.०१९ गुणिले ५० म्हणजे २८.५ मिलिमीटर. जवळजवळ तीन सेंटीमीटर रूळ जास्तीचा झाला. त्याला सरकायला वाव नसेल तर तो बाजूला फुगतो किंवा उचलला जातो.

खऱ्या रेल्वेनं याचं उत्तर खडीत शोधलं आणि बागेतही तेच लागू पडतं. पूजेत परातीतल्या तांदळावर कलश बसवतात. त्याला कशानंही बांधलेलं नसतं, तरी तो हलत नाही, आणि जरा कलला तर बोटानं दाबून पुन्हा नीट बसतो. खडीवरचा रूळ असाच बसतो. ती त्याला धरते, पण जखडत नाही.

काम करायचं ते असं. नळीच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारून वीसेक सेंटीमीटर रुंद, पंधरा सेंटीमीटर खोल चर खणावा. तळ धुमसून घ्यावा. तणरोधक कापड अंथरून वर जाड खडी भरावी, ती पुन्हा धुमसावी. पावसाचं पाणी या थरातून निघून गेलं पाहिजे. सगळ्यात वर बारीक खडी, आणि ती कच मिसळलेली हवी. नुसते गोलसर खडे एकमेकांवरून घरंगळतात. टोकदार तुकडे आणि त्यांमधली कच एकमेकांत अडकून बसते. मग रूळ ठेवून स्लीपरच्या वरच्या कडेपर्यंत खडी पसरायची, जुन्या रंगाच्या ब्रशनं ती स्लीपरच्या फटींत सारायची आणि झारीनं अगदी बारीक धारेनं पाणी द्यायचं. पाण्याबरोबर कच खाली उतरते. दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी स्लीपर लोंबकळताना दिसतील, तिथे आणखी भर घालायची.

पाणसळ मात्र सतत हाताशी हवी, आणि रुळावर ती आडवीसुद्धा धरून बघायला हवी. एका रुळापेक्षा दुसरा पाच मिलिमीटर खाली गेला तर डोळ्याला कळतही नाही. पण ४५ मिलिमीटरच्या गेजवर पाच मिलिमीटर म्हणजे ब्रॉडगेजवर साडेअठरा सेंटीमीटर. सरळ मार्गावर एवढा कल कुठलीही खरी रेल्वे चालवून घेणार नाही.

रुळांच्या जोडांत फट ठेवायची ती हवामान पाहून. ३० सेंटीमीटरच्या तुकड्यांनी ३० मीटर मार्ग केला तर शंभर जोड होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीनशे मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त फट येते. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडात एक व्हिजिटिंग कार्ड घालून मग घट्ट करावं. भर उन्हाळ्यात टाकत असाल तर फट ठेवायची गरज नाही.

बोगद्याबद्दल एकच नियम सांगतो: दोन्ही तोंडांतून हात घातला की मध्ये बोटं भेटली पाहिजेत. त्याहून लांब बोगदा हवा असेल तर वरून उघडणारी फरशी ठेवावी. गाडी नेमकी आतच घसरते, आणि पावसाळ्यात बेडूक, गोगलगाई, मुंग्या यांना ती जागा फार आवडते.

५. गाडी चालते कशावर

मूळ पद्धत रुळांतून वीज देण्याची. जास्तीत जास्त २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह. ओल्या मातीत उघडा पडला तरी त्यानं धोका नाही. पितळ निवडण्याचं कारण तेच की त्यातून वीज चांगली वाहते. पण उघड्यावर पितळ पिवळ्याचं तपकिरी आणि मग मळकट होत जातं, फक्त चाक जिथे फिरतं ती वरची पट्टी चमकत राहते. फोटोसाठी हा रंग देखणा, विजेसाठी नाही. जोड सैल झाले की पुढे वीज पोचत नाही, म्हणून दर चार-पाच मीटरवर मुख्य तारेतून रुळाला वेगळा जोड देतात.

दुसरी पद्धत, बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात ठेवून रिमोटनं चालवण्याची. रूळ मग नुसता रूळ राहतो, साफसफाईची कटकट संपते. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हीच सुचवेन, विशेषतः आपल्याकडच्या पावसात.

तिसरी खरी वाफ. डॉनकास्टरची राउंडहाउस कंपनी दार्जिलिंगच्या बी वर्गाचं इंजिन ३२ मिलिमीटर रुळासाठी बनवते. ब्यूटेन गॅसची ज्योत, खरा बॉयलर, खरी वाफ. मात्र पाणी १:१९ प्रमाणात उकळत नाही. लहान बॉयलरमध्ये पाणी थोडं आणि त्या मानानं बाहेरचा पत्रा जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते आणि एका भरणीत गाडी थोडाच वेळ धावते. त्या थोड्या वेळासाठी लोक रविवारची सकाळ देतात, आणि ते मला पूर्ण समजतं.

६. पानं लहान असावी लागतात

आंब्याचं पान वीस सेंटीमीटरचं. रुळाशेजारी ते पडलं की गाडीच्या जगात साडेचार मीटर लांबीचं पान पडलं. बागेतल्या रेल्वेला खेळणं ठरवणारी सर्वांत मोठी चूक इथे होते: गाडी लहान, झाडं मोठी.

उलट हिशेब करा. खऱ्या झाडाचं पान वीस-बावीस सेंटीमीटरपेक्षा सहसा मोठं नसतं, म्हणून मॉडेलमधलं पान एक सेंटीमीटरच्या आत हवं. युरोपात त्यासाठी जमिनीलगत पसरणारा थाइम लावतात. त्याचं पान पाच मिलिमीटर, म्हणजे मोठ्या मापात अकरा सेंटीमीटर. आणि खुज्या अल्बर्टा स्प्रूसचं ६० सेंटीमीटरचं झुडूप साडेतेरा मीटरच्या सूचिपर्णी वृक्षाचं काम करतं. आपल्या मैदानी उन्हात ही दोन्ही नीट टिकत नाहीत. पण कुंड्यांत न लावता उगवणारा बारीक पानांचा पिलिया, छाटणी सोसणारा कुफिया, बोन्साय पद्धतीनं वाढवलेला एखादा फायकस आणि पावसाळ्यातलं शेवाळ यांवर काम भागतं. हिरवळ पाच सेंटीमीटर वाढली की डब्यांच्या खिडक्यांच्या दिशेनं वर येणारं मीटरभर उंचीचं पीक झालं. कात्री हातातून खाली ठेवायला मिळत नाही. फुलांचंही तसंच. दोन सेंटीमीटरचं फूल म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटरचं. फोटो काढण्याआधी ते खुडलेलं बरं.

घरं आणि पूल कशाचे करावेत याचा एक फार सुंदर नमुना न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये दर हिवाळ्यात मांडतात. १९९२ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनात गाड्या मोठ्या मापाच्या असतात आणि शहरातल्या नामांकित इमारती झाडाच्या साली, काटक्या, बिया, ओकची फळं आणि पाइनची बोंडं यांच्या केलेल्या असतात. त्यांची कल्पना पॉल बस या उद्यानरचनाकाराची. काटकीवरच्या बारीक रेषा लहान मापात खांबावरच्या नक्षीएवढ्या दिसतात, आणि प्लास्टिकच्या भिंतीला जी निर्जीव चकाकी असते ती सालीला नसते. सगळं असं करावं असं नाही. पण प्लास्टिकच्या स्टेशनला आणि स्लीपरला निदान चकाकी मारणारा मॅट थर द्यावा. उन्हात चमकणारं प्लास्टिक फोटोत कधीच क्षमा करत नाही.

७. कॅमेरा कुठे ठेवायचा?

आपण उभे असतो तेव्हा डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असतात. बागेत उभं राहून फोटो काढला तर गाडीच्या जगात आपण ३६ मीटर उंचीवर आहोत, दहा-बारा मजली इमारतीच्या गच्चीवर. तिथून आगगाडीकडे बघण्याची कोणाला सवय आहे? म्हणून तो फोटो बघताक्षणी खेळण्याचा वाटतो.

१.६ मीटर भागिले २२.५ म्हणजे ७ सेंटीमीटर. फलाटावर उभ्या असलेल्या बाहुल्याच्या डोळ्यांची ही उंची. भिंग तिथे आलं पाहिजे. मोबाइल उलटा धरला की त्याचं भिंग खालच्या बाजूला येतं आणि जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवरसुद्धा नेता येतं. कॅमेरा असेल तर तिपाई बाजूला ठेवून वाळूच्या पिशवीवर टेकवावा. एवढं एक केलं तरी अर्धी लढाई जिंकली. इंजिन एकदम अंगावर येतं, चाकं मोठी दिसतात, मागचं झुडूप रान होतं.

आणखी एक सोय आधीच करता येते. रूळ टाकण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणं फोटोसाठी ठरवून ठेवावीत आणि तिथे मार्ग कंबरेएवढ्या उंचीवर बांधावा. मागे कुंपण आणि वाळत घातलेले कपडे येण्याऐवजी आकाश येतं.

८. पुढचं स्पष्ट, मागचं धूसर

उंची साधली तरी एक अडचण उरते. इंजिनाचं तोंड स्पष्ट येतं, तिसरा डबा धूसर. खऱ्या गाडीचा फोटो असा येत नाही, तिथे पहिल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट असतं. डोळ्याला हा फरक नकळत माहीत असतो. म्हणूनच शहराच्या खऱ्या फोटोत वरची आणि खालची बाजू मुद्दाम धूसर केली की ते शहर खेळण्यातलं वाटायला लागतं.

कारण भिंगाच्या छिद्रात आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ ८ वर ठेवलं तर प्रकाश आत येण्याचं छिद्र ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर असतं. गाडी लहान झाली, पण हे छिद्र लहान झालं नाही. गाडीच्या जगात ते १४ सेंटीमीटर रुंद आहे. छिद्र दृश्याच्या मानानं जितकं रुंद, तितकं नेमक्या अंतराच्या पुढचं-मागचं धूसर. एफ १६ वर ते तीन मिलिमीटरवर येतं, तेव्हा पुष्कळ सुधारणा होते. मात्र एफ २२ च्या पुढे जाऊ नये. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं.

मोबाइलचं भिंग मुळातच लहान, त्याचं छिद्र तीन-चार मिलिमीटर. त्याच्या रुंद कोनाच्या भिंगाचं तर एखादंच मिलिमीटर. मोठ्या महागड्या कॅमेऱ्यावर मोबाइल इथे सरस ठरतो. फक्त पोर्ट्रेट मोड बंद करा, तो मागची बाजू मुद्दाम धूसर करतो.

ज्यांना मोठ्या कॅमेऱ्यानंच काढायचं आहे त्यांनी गाडी उभी करावी, कॅमेरा पक्का टेकवावा आणि एकाच चौकटीचे दहा-पंधरा फोटो घ्यावेत: पहिल्यात बफर स्पष्ट, पुढच्यात चिमणी, मग पहिला डबा, असं करत शेवटच्या झाडापर्यंत. हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांसारखं सॉफ्टवेअर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र बनवतं. वारा अजिबात नको, कारण पान हललं की त्याची दुहेरी कडा येते. पहाटेची वेळ त्यासाठी सर्वांत चांगली.

९. ऊन मात्र आपल्या बाजूचं

आतापर्यंतच्या यादीत न लहान होणारं बरंच निघालं. ऊन त्यातलं नाही, आणि मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कडा अगदी तीक्ष्ण नसते. खऱ्या इंजिनाच्या चिमणीपासून तीन मीटरवर पडलेल्या सावलीची कडा पावणेतीन सेंटीमीटरभर विरघळलेली असते. मॉडेलमध्ये तेच अंतर सव्वातेरा सेंटीमीटर होतं आणि कडा सव्वा मिलिमीटर विरघळते. त्याला २२.५ नं गुणा: पुन्हा पावणेतीन सेंटीमीटर. हा कोनाचा हिशेब आहे आणि कोन मापानं बदलत नाही. शिवाय सूर्य इतका दूर की गाडीच्या दोन्ही टोकांच्या सावल्या समांतर पडतात. खोलीत दिवा लावून कितीही खटपट केली तरी जवळच्या दिव्याच्या सावल्या फाकतात आणि डोळा ते ओळखतो. बागेतल्या रेल्वेचे उत्तम फोटो घरातल्या मॉडेलपेक्षा खरे का वाटतात, त्याचं मुख्य कारण हे. दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन घ्यावं. चाकांवर आणि दांड्यांवर प्रकाश पोचतो आणि खडीचा प्रत्येक तुकडा उठून दिसतो.

धुकट निळाई मात्र येत नाही. खऱ्या दृश्यात एक किलोमीटरवरचा डोंगर फिका दिसतो. मॉडेलमध्ये तेच अंतर ४४ मीटर असतं आणि तेवढ्यात हवा काही करत नाही. मागे रंगवलेला पडदा लावणार असाल तर त्यावरचे डोंगर फिके, निळसर आणि कमी तपशिलाचे काढायला हवेत.

१०. चालती गाडी

व्हिडिओत वेगाचं प्रमाण सांभाळावं लागतं. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, भागिले २२.५ म्हणजे अर्धा मीटर. गाडीला दोन मीटर जायला चार सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक लोक याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं गाडी पळवतात.

पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. एक मीटरवरून वस्तू पडायला ०.४५ सेकंद लागतात, मॉडेलमधल्या एक मीटरवरून, म्हणजे साडेचार सेंटीमीटरवरून, जेमतेम ०.१ सेकंद. हा फरक २२.५ च्या वर्गमुळाएवढा, ४.७ पट आहे. बागेतला धबधबा, डब्यांचं झुलणं, जोडावरचा धक्का, सगळं घाईघाईनं घडतं. चित्रपटांत लहान मॉडेल वापरत तेव्हा याच कारणानं कॅमेरा जलद चालवून चित्र सावकाश दाखवत. मोबाइलमधला सेकंदाला १२० चित्रांचा स्लो मोशन २४ नं दाखवला तर पाचपट संथ होतो, ४.७ च्या अगदी जवळ.

मात्र त्यात गाडीही पाचपट संथ होते. ती पुन्हा ४० च्या वेगानं दिसायला हवी तर प्रत्यक्षात सेकंदाला अडीच मीटरनं पळवावी लागेल, आणि ६० सेंटीमीटरच्या वळणावर त्या वेगात ती बाहेर फेकली जाईल. साडेचार मीटरच्या वळणावर मात्र निर्धास्त जाईल. आधी रुंद वळणांचा आग्रह धरला त्याचं आणखी एक कारण हे. ज्यांची वळणं लहान आहेत त्यांच्यासाठी मधला मार्ग असा: सेकंदाला ६० चित्रांनी घ्यावं, ३० नं दाखवावं, गाडी सेकंदाला एक मीटरनं चालवावी आणि धबधबा चौकटीबाहेर ठेवावा. डब्यांचं झुलणं निम्म्यानं शांत होतं, आणि लांडवासरच्या बोगद्यात शिरणाऱ्या गाडीचा जडपणा बागेतल्या गाडीत बराचसा उतरतो.